लेव्हल

तिसऱ्या संध्याकाळचा विषय होता :
गेलेल्या माणसाचा आवाज कुणाचा?
मला विषयाशी काय करायचंय.
माझी जागा स्टेजच्या डाव्या अंगाला, खांबामागं,
मिक्सरवर.

एकोणतीस वर्षं ऐकतोय या हॉलात
जनुकं बदललेलं वांगं, पंचगंगेवरचा फेस,
ऊस किती पाणी पितो, देवळात कुणी जावं,
नाटकातली शिवी, चित्रातली उघडी बाई.
कोण बरोबर, ते मला नाही सांगता येत.
कोण माईक गिळतो,
कोण 'थोडक्यात सांगतो' म्हणून पाऊण तास खातो,
कोण टाळीसाठी आधीच थांबून बसतो,
हे बोटांना कळतं.
खरं बोलणारा चांगला वाजतो असं काही नाही हं.
उलटंच बघितलंय बऱ्याचदा.

तर त्या दिवशी विद्यापीठातल्या मगदूम मॅडमनी
लॅपटॉप उघडला
आणि अनसूयाबाई वडणगेकर हॉलात आल्या.
जाऊन अकरा वर्षं झालेल्या.
ई-कचऱ्यावरचा पोवाडा म्हणाल्या,
जन्मात कधी न म्हटलेला.
डफ आतलाच, झीलकरीही आतलेच.
मागच्या रांगेतली करकरणारी खुर्ची गप्प झाली.

मग जुंपली.
मॅडम म्हणाल्या, आवाज म्हणजे कंप, मोजता येतात तेवढे.
एक समीक्षक म्हणाले, हा परंपरेचा लिलाव आहे,
आणि परत एकदा म्हणाले, कारण पहिल्यांदा टाळी पडली नव्हती.
शिवाजी पेठेतलं एक पोरगं उठलं :
ग्रामोफोन आला तेव्हापण असंच रडला असाल की ओ!
लोक हसले.
कुणीतरी विचारलं, मानधन कुणाला?
त्याला काही उत्तर आलं नाही,
चहा मात्र आला.

चहानंतर अनसूयाबाईंच्या बाळासोनं हात वर केला.
गोकुळ शिरगावला फाउंड्रीत असतो,
शिफ्टवरनं तसाच आलेला.
कॉर्डलेस मीच नेऊन दिला.
टॉर्च धरावी तसा लांब धरला त्यानं,
मी पळत येऊन लेव्हल चढवली.
"आवाज बेस आहे," म्हणाला,
"पण आई मधी खोकायची."
आणि बसला.

पुन्हा हसले लोक.
मी नाही.

तिसऱ्या कडव्याआधी त्या उजवी मूठ वर करायच्या.
समोरच्यांना वाटायचं, आवेश.
ती मला खूण होती.
मी फेडर खाली घ्यायचो, त्या खोकायच्या,
झीलकरी 'जी जी' लांबवायचे,
मूठ खाली आली की मी फेडर वर.
एकोणीस वर्षं केलं हे आम्ही.
कागल, गारगोटी, मलकापूर,
कुठल्याच गावाला तो खोकला ऐकू गेला नाही.
कॅसेटीतही नाही.
आणि मशीन शिकलं ते माझ्याच कॅसेटींवर,
पिशवी भरून मीच देऊन आलो होतो मॅडमना,
पावती न घेता.

म्हणजे मशीनच्या आधी
बाईंचा आवाज मी कापला होता.
चांगल्यासाठीच.
सगळे चांगल्यासाठीच कापतात, हे त्या हॉलात
कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं,
पण वायर गोळा करणाऱ्याला कोण माईक देतं?

साडेनऊला हॉल रिकामा.
मॅडमबरोबरचा पोरगा लॅपटॉप मिटता मिटता म्हणाला,
काका, तुम्हाला काही ऐकायचंय? म्हणेल ती, काहीही.
मी कोपरावर वायर गुंडाळत होतो.
आजूबाजूला बघितलं.
म्हटलं, माझं नाव घ्यायला लाव.
काय नाव?
दिलावर.

"दिलावर," अनसूयाबाई म्हणाल्या.
तोच गळा, तीच खरखर, 'र' जरासा फुटलेला.
अंगावर काटा आला, खोटं का सांगू.

फक्त, या नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती.
शिट्टी मारली माईकनं की भर कार्यक्रमात
त्या मला जे म्हणायच्या
ते चार अक्षरी आहे, तसं शिवीसारखं,
आणि एकाही कॅसेटीत नाही.

पोरगा म्हणाला, अजून काही?
बोटं लॅपटॉपवर तयार ठेवून.

ओठांवर आलं होतं.
मी वायरीला गाठ मारली
आणि मेन स्विच बंद करायला गेलो.