चुकलेली वीत

आधी वाटलं, काड्याच जुन्या झाल्या.
चोवीस जोड्या, दोसिन्दा मावशीकडून आलेल्या,
लेसच्या उशीवर जन्मभर शहाण्यासारख्या वागलेल्या.
त्या फेब्रुवारीत आपल्याआपण वाजू लागल्या.
मी नुसता हात ठेवला तरी
टकटक, टकटक.
शेजारची रमोना म्हणाली, उशिया,
घोड्यावर बसून आलीस का गं?

खिडक्या सताड टाकून बसायची मी.
कामारिन्यासचा वारा, दीपगृहाकडून येणारा,
मांजरसुद्धा चुलीमागे दडलेलं,
आणि मला घाम.
दोन ताटं जेवायची, तरी स्कर्ट कमरेवरून घसरायचा.
बेकरीतली बाई म्हणाली, काय करतेस, मलाही सांग ना.
काय सांगणार?
चार पायऱ्या चढले की काळीज
मासळीच्या लिलावातल्या माणसासारखं
आकडे ओरडत सुटायचं.

मग डोळे.
जेवताना शुर्शोनं चमचा खाली ठेवला,
"मी काय केलंय? वटारतेस कशाला?"
मी वटारले नव्हते.
ते आपणहून पुढे आले होते,
दारावर कुणी थाप मारल्यावर यावं तसे,
आणि परत आत जायचं विसरले.
रात्री पापण्या पुरत्या मिटत नाहीत,
चिकटपट्टी लावून निजते.
शुर्शो लावतो.
दोर ओढून राठ झालेले हात त्याचे,
पण पट्टी अशी लावतो, जणू
कुणाच्या तरी पगाराचं पाकीट बंद करतोय.

आ कोरुन्याला दोन तासांची बस.
डॉक्टर लामास, माझ्या इसियाच्या वयाची,
कागदावर गळ्यातली ग्रंथी काढून म्हणाली,
फुलपाखरासारखी असते.
मला नाही दिसलं फुलपाखरू.
मला दिसला एक नमुना,
ज्याला पुरे म्हणायचं कुणी विसरलंय.
"तुमचंच शरीर तिला ढोसतंय. बाहेरचं कुणी नाही."
हे मात्र लगेच कळलं.
आमच्या गावात सगळी भांडणं घरातलीच.

तीन गोळ्या, मग दोन, मग एक,
मग अर्धी.
सुरीनं कापली तर चुरा होतो,
लेसच्या कात्रीनं नीट होते.
दर सहा आठवड्यांनी सुई, रक्त, आकडे.
एकदा गोळीच जास्त झाली.
मे महिन्यात लोकरी मोजे घालून
मी भिंतीकडे बघत बसले,
टाचणी उचलायची म्हणजे बोटीचा नांगर उचलायचा.
गोळी कमी केली. मग परत थोडी वाढवली.
दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात,
मुंगीच्या पावलानं जातं.
माझं मुंगीच्याच पावलानं आलं,
आणि जायचं की नाही, ते अजून ठरवतंय.

फ्रिजवर इसियाच्या अक्षरात चिठ्ठी:
घसा दुखून ताप आला तर गोळी बंद,
त्याच दिवशी रक्त तपास.
ऑक्टोबरातल्या एका रविवारी घसा दुखला.
शुर्शोनं बोट धक्क्याला तशीच सोडली,
रमोनाची गाडी मागितली.
चार तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
मी पांढऱ्या पेशींची वाट पाहिली.
होत्या. पुरेशा. नुसती सर्दी.
परतताना एका वळणावर त्यानं गाडी थांबवली,
पोटभर रडला,
मग म्हणाला, धूर गेला डोळ्यांत.
धूर कुठेच नव्हता.

त्या वर्षीची वीत-दीड वीत लेस
मी टाकली नाही.
ज्या बाळाच्या टोपीसाठी होती ते आता धावतं.
सुरुवातीला भोकंच भोकं, टाचण्या भलतीकडे,
मग एका जागी इतकी घट्ट की सुई शिरू नये.
रमोना म्हणते, उसव ती.
नाही उसवत.
लामास बाईंकडे माझे आकडे आहेत, माझ्याकडे ही.

परवा तपासणीला घेऊन गेले.
तिनं खिडकीशी उजेडात धरली,
बोट फिरवत आली, त्या घट्ट जागी थांबली.
"इथे गोळ्या सुरू झाल्या?"
नाही, म्हटलं, इथे मांजरानं उडी मारली.
गोळ्या पुढे आहेत, त्या साध्या भागात,
जिथे बघण्यासारखं काही नाही.