सामायिक खातेदार

संमतीपत्र जोडायचं राहिलं
म्हणून अतिवृष्टीचं अनुदान
ह्या खेपेला तीन वाटांनी आलं.

सातबाऱ्यावर आजोबांच्या मागं तीन नावं:
विष्णू बाळू होडगे,
गौरा बाळू, सुंदरा बाळू.
लग्नं होऊन चाळीस वर्षं लोटली तरी
तलाठ्याच्या दप्तरात दोघी अजून
बापाच्याच घरात राहतात.

अडतीस गुंठे घनसाळ.
गेल्या दिवाळीच्या तोंडावर लोंब्या पाण्यात लोळल्या,
आजऱ्याहून पंचनाम्याला आलेला पोरगा
बांधावरूनच "तेहतीस टक्क्यांच्या वर" म्हणाला
आणि चहा न घेता पुढच्या वाडीला गेला.

दहा महिन्यांनी आबांच्या मोबाईलवर सहाशे पन्नास.
चष्मा पुसून त्यांनी परत वाचलं.
"वरचं हजार कुठं सांडलं गा ह्यांनी?"
मी यादी उघडली, खाली खाली सरकवली,
आणि सांगितलं:
बाकीचं आत्यांच्या खात्यावर गेलंय.

सुंदराआत्या जाऊन सहा वर्षं झाली,
इचलकरंजीत, मागाच्या खडखडाटाशेजारच्या खोलीत.
तिच्या नावापुढं लिहिलंय "खाते निष्क्रिय".
तिचं सहाशे पन्नास
दार वाजवून वाजवून
परत गेलं असणार.

गौराआत्याचा फोन सकाळी सहाला.
निपाणीहून, विड्यांचं सूप मांडीवर घेऊनच बोलत होती.
"व्हय गं, माझ्या खात्यावर पैसं आल्यात.
मी पासबुक छापूनच आणलो बघ.
साहेबाला विचारलो, कुणी टाकलंय?
त्यो म्हणतोय, शेताचं हाय."
जरा थांबली.
"शेताचं," परत म्हणाली,
मीठ बघितल्यासारखं.

आबांनी त्याच आठवड्यात पाचशेचा स्टॅम्प आणला.
हक्कसोड.
साडी-चोळी करायची, पुरणपोळी घालायची,
मग पेन पुढं करायचं.
गल्लीत सगळ्यांनी असंच केलंय,
कुणाचीच बहीण नको म्हणाली नाही.

रविवारी आत्या आली.
पावशेर पेढे, आणि प्लास्टिकच्या कागदात पासबुक.
जेवली. कटाच्या आमटीला तिखट कमी म्हणाली.
आबांनी कागद सरकवला
तेव्हा तिनं पासबुक त्याच्यावरच उघडून ठेवलं
आणि तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट
खालच्या ओळीवर टेकवलं.
"वाच विष्णू."
आबांनी वाचलं, तारखेसकट.
मग तिनं कमरेच्या पिशवीतनं नोटा काढल्या,
सहाशे पन्नास, मोजून.
"पैसं तू घे. वळ तेवढी ऱ्हाऊ दे."

आबा व्हय म्हणाले नाहीत, न्हाई म्हणाले नाहीत.
म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून
परड्यात गेले.
नोटा पेढ्याच्या पुड्याखाली तशाच.
स्टॅम्प अजून कॅलेंडरच्या मागं आहे,
फाडलेला नाही.
माझा भाऊ पुण्यात असतो.
पेनाला टोपण लावताना मला कळलं,
पुढचा कागद माझ्या नावचा.

उतरत्या उन्हात मी पीक पाहणीला निघाले,
आत्या चपला हातात घेऊन मागनं.
मोबाईल म्हणाला:
आपण गटापासून एकशे दहा मीटर दूर आहात.
"काय म्हणतंय ते?"
लांब आहे म्हणतंय.
"कुणाला?"
मी काही बोलले नाही, चालत राहिले.

खातेदार निवडा. तीन नावं.
सुंदराच्या नावावर अंगठा जरा रेंगाळला.
मग गौरा.
पीक: भात. घनसाळ त्यांच्या यादीत नाही,
वास त्यांच्या यादीत नाही.

आत्या डोईवर पदर घेऊन
कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली,
लग्नाच्या फोटोत उभी असते तशी.
आत्या, माणूस नको, पीक दिसायला पाहिजे.
"असं व्हय," म्हणून ती
एक पाऊल बाजूला सरली, एकच.

फोटोत पोटरीला आलेलं भात,
आणि डाव्या कोपऱ्यात
हिरव्या पदराचा काठ.
परत काढता आला असता.
मी तसाच पाठवला.