त्रेचाळीस अंडी

यंदा अंडी उकडली त्रेचाळीस.
गेल्या साली एकसष्ट. बर्निस म्हणते, पोरं कमी झाली.
मी म्हणते, अंडी तरी मोठी आहेत.

मिशिगनच्या या तळ्याकाठी, सप्टेंबर सरताना,
नियम जुनाच: दिवसभर बोलायचं नाही.
एक अंडं, एक संत्रं, आणि काम.
धक्क्याच्या कुजक्या फळ्या बदला, वाटेत पडलेला बर्च कापा.
गळ्यात दोऱ्याला लाकडी बाण,
शब्द निसटला की त्यावर एक खाच.
दुपारपर्यंत डार्नेलच्या बाणाची करवत झाली होती.

एमेट हाल्वर्सनचा बाण कोरा.
हा पोरगा अडखळतो. स्वतःचं नाव सांगताना
'ए'पाशीच थांबतो, दाराला आतून कडी घातल्यासारखा.
आज मात्र तो सगळ्यांइतकंच बोलला:
भुवईनं, कोपरानं,
हातोडीच्या दोन टोल्यांनी – फळी धर, सोड.

रात्री शेकोटीपाशी खांद्यांवर पांढरे पट्टे आले,
मौन सुटलं,
आणि असा गलका, की घुबड उठून पलीकडच्या काठाला गेलं.
मला वाटलं, झालं. मिटला हा पुन्हा.

तो खिडकीशी आला, वाडगा पुढे केला.
"अ... अ..."
मागे अकरा जण रांगेत, दिवसभराचे उपाशी.
कुणी त्याचं वाक्य पुरं करून दिलं नाही.
डार्नेलनंसुद्धा नाही.
सूप निवत होतं.
मी डाव तसाच हवेत धरून उभी.