सातवं रीळ

प्रिंट एकच, टॉकीज दोन.
सावद्यात नऊला सुरू, फैजपुरात सव्वादहाला,
मधल्या सात किलोमीटरला मी, सायकल,
कॅरियरला ट्यूबनं आवळलेल्या पत्र्याच्या पेट्या.

पेटीत एक कुटुंब होतं.
बाप, दोन मुलगे,
एक जावई, ज्याच्याशी कुणी नीट बोलत नसे,
आणि आई. तिला तिन्ही भागांत मिळून अकरा वाक्यं.
हिंदीत बोलायचे सगळे,
ओठ मात्र थोडे उशिरा मिटायचे.
खून मी कधी मोजले नाहीत.

बाप जेवायला बसला की चव न घेताच मीठ टाकायचा.
एवढंच.
आणि सावद्याची अख्खी बाल्कनी गप्प.
सुपडूशेठ बोंडे नऊ वेळा आले.
पुढे आठवडाभर केळीच्या काट्यावर
कुणी भाव ओरडून सांगेना,
हळू बोलायचे अडते, हळू बोलायचे हमाल,
जणू हळू मागितलं की नाही म्हणता येत नाही.
कुणाकडे बंदूक नव्हती.
सातबारा होते, चुलते होते,
ताटावर बसल्यावर न काढायचे विषय होते.

फैजपुरात पेटी उतरवताना पानवाला निंबा विचारी,
"कारे भो, मेला का तिकडे म्हतारा?"
"मेला."
"इथं तर जेऊ रायला!"
आम्ही हसायचो.
मग निंबा पेटीला हात लावून बघायचा,
गरम आहे का.

एका रात्री मोरीवर चेन पडली.
हात ग्रीसनं काळे,
दोन्ही अंगांना केळीची फाटकी पानं वाजत होती.
तिकडे पडदा पांढरा, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट,
इकडे मी पेटी मांडीवर घेऊन बसलेलो.
वीस मिनिटं, फैजपूरपुरता, बाप वाचला.
चेन त्यातल्या पाच मिनिटांतच बसली होती.

फक्त सातवं रीळ मी कधी पाहिलं नाही.
सावद्यात ते लागे तेव्हा मी जाताना,
फैजपुरात लागे तेव्हा येताना.
मशीनवर माझा मोठा भाऊ, रुबाब.
शो सुटल्यावर कार्बनच्या कांड्या गोळा करत
तो मला सातवं सांगायचा:
धाकटा मोठ्याला शोधत जातो, रात्री, ठेसनावर,
मोठा म्हणतो, चुकलं माझं,
धाकटा त्याची पिशवी उचलतो.
घरी चल, म्हणतो. आईनं जेवण झाकून ठेवलंय.
रोज थोडं वेगळं सांगायचा.
कधी पाऊस असे, कधी नसे.
पिशवी मात्र रोज धाकटाच उचलायचा.

दुसरा भाग तीन वर्षांनी आला.
तिसऱ्याला बाल्कनीत सतरा माणसं,
सगळे म्हणाले, बिघडवलं,
आणि सगळे शेवटपर्यंत बसले.
आता तिथं केळीचं शीतगृह आहे.

रुबाबशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही.
कारण सांगण्यासारखं नाही. आठ पत्र्यांचं छप्पर.

परवा नातवानं मोबाइल माझ्या पुढ्यात धरला,
तळहाताएवढा बाप, तसाच मीठ टाकताना.
मी पेट्यांच्या हिशेबानं बघत गेलो,
चौथं, पाचवं, सहावं,
इथं मी निघायचो.

सातव्यात ठेसन नाही. पिशवी नाही.
एक लांब टेबल, मोठ्याची रिकामी खुर्ची.
धाकटा बसतो, ताट ओढतो,
चव न घेता मीठ टाकतो.
आई दारात उभी.
तिचं एक वाक्य इथं असायला हवं होतं.

नातू म्हणाला, "बाबा, किती वेळा पाहिलाय हा?"
काय सांगणार.

रुबाबचं घर चार गल्ल्या पलीकडे आहे.
गेलो तर सातव्याचं काढणार नाही.
बसेन. म्हणेन,
त्या रात्री ठेसनावर पाऊस होता का रे?