एसी बंद

रुवीच्या हाय स्ट्रीटवर, सोनाराच्या दुकानाला चिकटून
अब्बांचा फोटो स्टुडिओ होता.
दिवसभर निळ्या पडद्यापुढे माणसं:
हनुवटी खाली, कान दिसू देत, हसू नका.
रात्री दहानंतर शटर अर्ध्यावर
आणि त्याखालून वाकून आत येणारी चार पोरं.

मुराद, बलोची, माईकपुढे वाघ, आईपुढे गप्प.
सिबी, त्याची मल्याळम इतकी सुसाट पळायची
की श्वास मागच्या ओळीतच राहून जाई.
जोमार तोंडाने ढोल वाजवायचा.
आणि आमच्या दाभोळचा मुदस्सर,
'बताका'ला 'इलाका' जुळवला
म्हणून आठवडाभर कॉलर वर करून फिरला.

अंडरग्राउंड म्हणवायचो स्वतःला.
होतो तळमजल्यावर.

मी बटण दाबायचे.

एसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून आधी एसी बंद.
जूनमधलं मस्कत. पडद्यावर पडदे,
मागे रंगवलेला स्वित्झर्लंडचा धबधबा.
तीन मिनिटं मिळायची.
चौथ्याला घाम माईकवर टपकायचा, शब्द घसरायचे.
आमचं सगळंच आखूड ते त्यामुळे.
लोकांना वाटे, ही यांची शैली.

लोक म्हणजे कोण?
लाँड्रीवाला, कराकवाला,
आणि कोरड्या नदीत गाड्या लावून
दरवाजे सताड उघडे टाकणारी पोरं.
कोरड्या नदीला तिथे वादी म्हणतात.
मराठीत वादी म्हणजे
फिर्याद घेऊन उभा असलेला माणूस.
मुदस्सरने ते एकदा नेमकं पकडलं होतं.
तेवढी एक ओळ खरंच चांगली होती.

परवा एक सीडी सापडली. चाळीसांतली एक.
वर चौघांचे पासपोर्ट साइझ, कुणीच हसत नाही.
ऐकली.
खोटं कशाला बोलू, बरंचसं फडतूस आहे.
कुणी कधी न पाहिलेल्या बंदुका.
आणि पोरींबद्दल जे जे म्हटलंय
ते मी बटण दाबून बसलेली असताना म्हटलंय.
तरी दोनदा ऐकली.

मीही एकदा बोलले होते.
सगळे शावरमा आणायला गेले तेव्हा,
घाईत एसी बंद करायचा राहिला.
सोळा ओळी: हनुवटी खाली,
कान दिसू देत,
हसू नका.
शटर वाजलं तशा पुसून टाकल्या.

मुराद बरकाला टायर विकतो.
सिबीचा व्हिसा संपला, मग त्याचा नंबरही.
जोमार दोहाला गेला, पुढचं ठाऊक नाही.
मुदस्सरने गावी स्लॅब टाकला,
फोनवर सिमेंटचा भाव सांगतो,
यमक न जुळवता.
स्टुडिओत आता मोबाईलची कव्हरं लटकतात.

कधी मध्यरात्री वीज जाते.
कॉम्प्रेसर एक उचकी देऊन थांबतो.
नवरा कुशीवर वळतो, म्हणतो, गरम होतंय.
मी अंधारात श्वास धरून बसते.
तीन मिनिटं आहेत.