पान सतरा

एकतीस तारखेच्या आत आराखडा ऑनलाइन चढला पाहिजे,
असं जतच्या बैठकीत साहेब म्हणाले
आणि बिस्किटांची प्लेट माझ्यापुढं सरकवली.
माझ्याकडं तीन गावं, एक मोटारसायकल
आणि पलूसकडच्या मित्रानं मोबाइलवर धाडलेला
त्याच्या गावचा मंजूर आराखडा.

रात्री बसून मी गावाचं नाव बदललं.
हुलगेवाडी, ता. जत, जि. सांगली.
माणसं बदलली, शेळ्या बदलल्या,
शौचालयं होती त्याहून चार जास्त लिहिली.
पान सतरा तेवढं नजरेतून सुटलं.

ग्रामसभा समाजमंदिरात.
कोरमला शंभर लागतात, सतरंजीवर एकोणतीस,
बाकीच्या सह्या घरोघर फिरून होणार होत्या.
साउंडवाल्या इराण्णानं माइकवर तीनदा फुंकर मारली.
मी वाचत गेलो : पेव्हर ब्लॉक, हायमास्ट,
अंगणवाडीला घसरगुंडी.
लग्नातला आहेर पुकारावा तसं सगळे ऐकत होते,
आपल्याला काय आलं एवढ्यापुरते कान देऊन.
'नदीकाठी घाट बांधणे, पायऱ्या छत्तीस.
पूरसंरक्षक भिंत, एकशे वीस मीटर.'

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

मल्लव्वा हिप्परकर भिंतीला हात लावून उठली.
सकाळच्या टँकरचा ओला पदर अजून खांद्यावर.
'भाऊसाब, नदी कुठनं आनायची?'

सरपंच हसले. खिडकीतली पोरं हसली.
मीही हसलो, कानाच्या पाळ्या तापलेल्या.
टायपिंगची चूक आहे म्हणालो, खोडतो.
पेनाचं टोपण काढलं.

'खोडू नगा,' म्हातारी म्हणाली.
'आलीया तर ऱ्हाऊ द्या. जागा लागतीया व्हय तिला कागदावर?'

मग कोण कुणाचं ऐकतंय.
सिद्राम म्हणाला, खालच्या ओढ्याला आमचा आज्जा हळ्ळ म्हणायचा.
हळ्ळ म्हंजे कानडीत ओढाच की, असं मागनं कोणीतरी.
असू दे, पण म्हणायचा.
घाट म्हसोबाच्या अंगाला की चिंचेच्या?
चिंचेच्या घेतला तर माझा बांध जातोय,
असं धाकटा सनमडीकर ओरडला,
आणि थोरला, जो त्याच्याशी सहा वर्षं बोलत नव्हता,
त्याला म्हणाला, गप बस, पाण्याला वाट दे.

शेवटी, दाराबाहेर चपलांपाशी उभा असलेला
खालच्या वस्तीचा दगडू आवळे बोलला.
'भिंत एकशेवीसलाच का थांबती?
पूर आला तर पयला आमच्यात शिरंल.'
कुणी हसलं नाही.
रस्ता, नळ, दिवा, सगळं
कुठं येऊन थांबतं ते सभेला ठाऊक होतं.
ठरावात भिंत ऐंशी मीटरनं वाढवली.
सूचक मल्लव्वा, अनुमोदक दगडू,
मंजूर सर्वानुमते.

शुभारंभाला पाहुणे दोन तास उशिरा आले.
गाड्यांनी वाट अडली म्हणून टँकर फाट्यावरच थांबला,
पाण्यासाठी नारळ तेवढा फुटला.
पेव्हर ब्लॉक बसले, वरच्या आळीत.
हायमास्ट लागला, महिनाभर जळला.
पान सतराला तालुक्याचा शेरा :
स्थळपाहणी करावी.

शाखा अभियंता टेप घेऊन आला.
नवा होता, कोकणातला.
'नदी दाखवा.'
मी बुटांकडं बघत राहिलो.
मल्लव्वा पुढं, तो मागं,
ओढ्यातल्या तापल्या धोंड्यांवरनं ती त्याला
पार वळणापर्यंत चालवत घेऊन गेली,
इथं पयली पायरी, इथं धुणं, इथं जनावरं.
तो बराच वेळ उभा राहिला, घाम पुसला,
आणि रकान्यात लिहिलं,
नदी : सध्या कोरडी.

माझी बदली झाली.
परवा कामानं गेलो तर दिवेलागणीला
दगडूचा पोरगा खालून वर येताना दिसला.
कुठं होतास रे?
'घाटावर,' म्हणाला,
आणि चपलेतला खडा काढायला वाकला.