नववा दिवस

कडब्याच्या पेंढीत होती घोणस.
शहाद्याला अठरा कुप्या चढवल्या,
सहाव्या दिवशी घरी सोडलं.
सारंगखेड्याच्या पुलावर गाडी थांबवून
सुपडूनं तापीला हात जोडले. मी नाही.
मला तबेल्याची घाई होती.

नवव्या दिवशी मनगटं फुगली,
मग गुडघे. अंगभर गांधी,
चाबकाच्या टोकानं उठवल्यासारख्या.
ताप असा, की बायको म्हणाली,
'इख परत उनं काय?'

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'विष कधीच उतरलं.
हा घोडा आहे.'

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
कुठल्याशा तबेल्यात एका घोड्याला
थोडं थोडं विष टोचतात म्हणे,
त्याचं रक्त जे शिकतं
ते माझ्या शिरेत घातलं होतं.
जीव वाचला. मग आठवड्यानं
माझ्या रक्ताला जाग आली: हा कोण?
धरलं त्याला, सोडेचना,
आणि ते दोघे एकमेकांत गुंतलेले
जाऊन साचले सांध्यांत,
मूत्रपिंडाच्या चाळणीत.

तीस वर्षं खरारा केलाय या हातांनी.
माझ्या भाकरीला घोड्याच्या घामाचा वास येतो.
आणि रक्त म्हणतं, ओळखत नाही.

गोळ्यांनी सूज ओसरली.
पहाटे काजळीपुढे उभा राहिलो.
तिनं मनगट हुंगलं, फुरफुरली,
पाटीत तोंड घातलं.

बाईंनी चिठ्ठी दिलीय,
पुन्हा कधी चावलं तर आधी दाखवायची:
'घोड्याचं सीरम. जपून.'
ती काजळीच्या कागदांत ठेवली आहे,
दात किती, भोवरे कुठे,
त्याच्या खाली.